हिरव्या लोकरीचा चमचा

काकू,

शाळेत जेवण वाढायचात तेव्हा आम्ही तुम्हाला ‘मिस’ म्हणायचो, पण मराठीत लिहितेय तर काकूच म्हणते. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. इंग्रजीतलं कार्ड वेगळं टाकलंय, त्यात ‘थँक यू’ आहे. पण तुमच्याकडे थँक यू बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही म्हणतात, त्यानं माझं समाधान होईना. शिवाय तुम्ही नेमकं काय केलंत ते कळायला माणूस आमच्याकडचाच हवा.

1975 च्या सप्टेंबरात आम्ही साताऱ्याहून इंग्लंडात, लिंकनशरमधल्या तुमच्या गावात आलो. बाबा तिथे डॉक्टर, मी सात वर्षांची. जमीन पोळपाटासारखी सपाट. तिथल्याच बॉस्टन गावच्या चर्चचा 266 फुटी मनोरा मैलोन्‌मैल लांबून दिसायचा. त्याला लोक ‘स्टंप’ म्हणतात हे ऐकून बाबा खूश झाले होते, मग कळलं की त्याचा क्रिकेटशी काही संबंध नाही. बाकी सगळीकडे कोबी, बटाटे, आणि वसंतात स्पाल्डिंगच्या बाजूला ट्यूलिप. ती फुलं ऐन बहरात छाटून टाकायचे, कारण विकायचा असायचा खालचा कंद. आई ते पहिल्यांदा बघून रस्त्यातच थांबली होती. पुढच्या वर्षी पाऊस रुसला तर सरकारनं दुष्काळासाठी खास मंत्री नेमला. 72 चा दुष्काळ पाहून आलेल्या आईला हसू आवरेना.

पण मला सांगायचंय ते जेवणाबद्दल.

दूध आमच्या वाट्याला आलंच नाही. सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं फुकट दूध थॅचरबाईंनी शिक्षणमंत्री असताना 1971 सालीच बंद केलं होतं. जेवण मात्र होतं. सोमवारी पाकिटातून पैसे न्यायचे आणि दुपारी ताट समोर यायचं. कांद्यातली कलेजी. खिमा. स्ट्यूवर तरंगणारे पिठाचे गोळे, ज्यात गाईची चरबी असते हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुलगी मांस खात नाही, अशी चिठ्ठी आईनं पहिल्याच दिवशी दिली होती. ती बाईंकडे गेली, तिथून मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. काही दिवस मी कडेकडेचे बटाटे चिवडले. मग एकदा बाईंनी मला ताटासमोर बसवूनच ठेवलं. बाहेर पोरं दोरीला बांधलेले चेस्टनट एकमेकांवर आपटून फोडत होती आणि मी कलेजीकडे बघत होते. तिच्यावर साय धरायला लागली होती.

“भारतातल्या उपाशी मुलांचा जरा विचार कर,” बाई म्हणाल्या.

मीच भारतातली, मीच उपाशी. आणखी कुणाचा विचार करणार?

तेवढ्यात तुम्ही आलात. खांद्यावर ओलं फडकं होतं. माझं ताट उचललंत आणि मागच्या दाराशी डुकरांसाठी ठेवलेल्या बादलीत सरळ ओतून टाकलंत. बाईंकडे बघितलंसुद्धा नाहीत. मग वाकून विचारलंत, “काय चालत नाही गं तुला, मी डक?” तिकडे सगळ्यांनाच लाडानं ‘माय डक’ म्हणतात आणि त्याचं ‘मी डक’ होतं. घरी सांगितल्यावर आईला वाटलं, शाळेतल्या बाई स्वतःला बदक म्हणवून घेतात.

मी सांगितलं, मांस चालत नाही, आणि मांसाला लागलेलंही नाही. यातलं दुसरं कुणाला कळत नाही. ‘तुकडे तेवढे बाजूला काढ की’ असं मला पुढे चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी सांगितलंय. तुम्ही नुसती मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी ग्रेव्ही पडायच्या आत कुस्करलेला बटाटा, गाजर आणि किसलेलं चीज एका ताटलीत काढलेलं, वर दुसरी ताटली पालथी. आणि वाढायला एक वेगळा चमचा. घाईत कुणी तो खिम्यात बुडवू नये म्हणून त्याच्या दांड्याला हिरवी लोकर गुंडाळलेली. धुऊन धुऊन ती विटली की तुम्ही नवी गुंडाळायचात. 1977 साली राणीच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून गावानं रस्त्यात टेबलं मांडली, तेव्हाही तो तुमच्या एप्रनच्या खिशात होता. शाळा सुटेपर्यंत, चार वर्षं.

वेगळा चमचा. हे मराठीत लिहिताना हात अडखळतो. आजीच्या घरी मागच्या पडवीतल्या देवळीत कान तुटलेला एक कप असायचा. तो कुणासाठी, हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. हात लावायचा नाही एवढं ठाऊक होतं. आमच्याकडे वेगळं भांडं ठेवतात ते माणूस उंबऱ्याबाहेर राहावा म्हणून. तुमच्या चमच्यामुळे मी सगळ्यांच्या टेबलावर बसले. आईनं हे आजीला पत्रातून कळवलं, तर आजीचं उत्तर आलं, ‘चांगल्या घरची दिसते बाई.’ तुमचे वडील शेतमजूर होते, हे आईनं लिहिलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा कप देवळीतच होता.

चांगुलपणाच्या गोष्टी सांगणारे मला पुढे पुष्कळ भेटले. तुम्ही तर माझा धर्म कोणता हेसुद्धा विचारलं नव्हतंत.

गेल्या रविवारी मैत्रिणीनं फोन जोडून दिला. नव्वदी ओलांडली तरी आवाज खणखणीत. ‘डॉक्टरांची धाकटी’ म्हणून लगेच ओळखलंत. 79 च्या जानेवारीत बाबा ट्रॅक्टरवर बसून बर्फातून तुमच्या मिस्टरांना तपासायला आले होते, ते सगळं आठवत होतं, अगदी त्यांचे ओले बूट तुम्ही चुलीपाशी वाळत ठेवले तेसुद्धा. चमचा मात्र आठवेना. मी सांगत राहिले, तुम्ही “हो का?” म्हणत राहिलात. मला रडू आलं ते तिथे.

ठेवता ठेवता विचारलंत, “लोकर कुठल्या रंगाची म्हणालीस?”

“हिरवी.”

“मग ती आमच्या धाकट्याच्या स्वेटरची असणार. त्याच्या बाह्या काही पुऱ्या झाल्याच नाहीत.”

तुमची,
डॉक्टरांची धाकटी