निग्रोसच्या ऊसपट्ट्यातून चिरंजीवास पत्र

दुमागेते, फिलिपिन्स

प्रिय चिरंजीव बाळ यास,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ज्या देशात १५२१ साली सेबू बेटावर पहिले बाप्तिस्मे झाले आणि आज दर पाच माणसांतली जवळजवळ चार माणसे कॅथलिक आहेत, तिथे मिरजेची एक बाई जाऊन कोणाला काय शिकवणार, हा तुझा प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता आले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. शिवाय तू साखर कारखान्याच्या शेती विभागात असल्यामुळे या पत्रातला बराच भाग माझ्यापेक्षा तुलाच अधिक कळेल.

आधी इथे बायबलचे वर्ग घेण्याचे बोलावणे कोणाचे होते ते सांगते. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जशी १९७० मध्ये निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, तशी इथली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट इन द फिलिपिन्स १९४८ मध्ये झाली. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला, त्याच मिशनने १९०१ मध्ये या दुमागेते गावात मुलांची शाळा काढली आणि आज तिचे सिलिमन विद्यापीठ झाले आहे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडचा भाग प्रेस्बिटेरियनांकडे आणि नगर-सोलापूर अमेरिकन बोर्ड या दुसऱ्या मिशनकडे होते. इथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनांनी बेटे आपसांत वाटून घेतली, तेव्हा निग्रोस बेटाचा हा पूर्व किनारा प्रेस्बिटेरियनांकडे आला, पश्चिम बाजू बाप्टिस्टांकडे गेली आणि अमेरिकन बोर्ड दक्षिणेला मिंदानाव बेटावर जाऊन बसले. या लोकांनी आपली मते विचारात न घेताच आपल्याला नात्यात गुंफून ठेवले, असे कधीकधी वाटते. पण नाते आहे, आणि मला बोलावण्यामागे तेही एक कारण होते.

दुसरे कारण ऊस. दुमागेतेहून उत्तरेला निघालो की तांजाय, बाईस, मांहुयोद अशी गावे लागतात आणि दोन्ही बाजूंना नुसता ऊस. मात्र त्या उसाचा मालक आपल्यासारखा दोन-तीन एकरांचा सभासद शेतकरी नसतो. स्पॅनिश अमलापासून चालत आलेल्या मोठमोठ्या जमिनी आहेत, त्यांना हासिएन्दा म्हणतात, आणि कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच हासिएन्दावर राहून राबतात. तोडणीच्या वेळी बाहेरून येणाऱ्या मजुरांना सकादा म्हणतात. विशेषतः बेटाच्या पश्चिम भागात ते शेजारच्या पनाय बेटावरून, आन्तिके प्रांतातून येत आले आहेत. त्यांना आणणारा कोन्त्रातिस्ता गावातच आगाऊ पैसे वाटतो आणि मग हंगामभर मजुरीतून ते कापून घेतो. मी त्यांना आपला मुकादम आणि आपली उचल समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा दुभाष्याला अर्धे वाक्यही पुरे करावे लागले नाही.

१९८८ मध्ये इथे जमीनसुधारणेचा कायदा झाला आणि काही मजुरांच्या नावावर जमीन झालीही. पण खत, बेणे आणि नांगरणीसाठी हातात भांडवल नसल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती जमीन पुन्हा जुन्या मालकालाच खंडाने दिली आणि स्वतः तिच्यावर मजूर म्हणून उभे राहिले. याला ते आरिएन्दो म्हणतात. कागदावर मालक आणि बांधावर मजूर, असा हा प्रकार आहे.

मला बोलावले तेही कारखाने बंद असताना. गळीत मे महिन्याच्या सुमाराला संपते आणि पुढचे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सुरू होत नाही. मधल्या महिन्यांना इथे 'तिएम्पो मुएर्तो', म्हणजे मेलेला काळ म्हणतात. काम नसते, मजुरी नसते, दुकानदाराची वही मात्र वाढत जाते, आणि त्यातच जूनमध्ये मुलांच्या शाळा उघडतात. आपले तोडकरी पाडवा होऊन गेला की गावी परततात आणि पावसावर आपले रान तरी पेरतात. इथे हासिएन्दावर राहणाऱ्याला परत जाण्यासाठी दुसरे गावच नसते. १९७४ मध्ये अमेरिकेशी असलेला साखरेचा जुना करार संपला आणि पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यावर जगभर साखरेचे भाव कोसळले, तेव्हा या बेटावर अक्षरशः उपासमार झाली आणि पोरे कुपोषणाने दगावली. तेव्हा लहान असलेली माणसे आज मंडळीची वडीलजन आहेत, आणि जेवणापूर्वीची त्यांची प्रार्थना लांब असते.

त्या वर्गांत चाळीस-पन्नास वर्षांचे मजूर, संडे स्कूलच्या शिक्षिका, मासे विकणाऱ्या बाया आणि पाळक नसलेल्या वस्त्यांवर रविवारी संदेश देणारे साधे विश्वासी होते. मी बायबलमधले याकोबाचे पत्र शिकवणार असे ठरले होते, कारण पाचव्या अध्यायात शेते कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते असे लिहिले आहे आणि ऊसवाल्यांसाठी यापेक्षा नेमके वचन कोणते, असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. मी इंग्रजीत बोलत होते आणि एक तरुण पाळकबाई त्याचे इथल्या सेबुआनो भाषेत भाषांतर करीत होत्या. त्याला जोडून जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चोविसावा अध्यायही घेतला, कारण मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा तिथे आहे. तेव्हा एक म्हातारा उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "पास्तोरा, आमची मजुरी कोणी अडवलेली नाही. ती आम्ही काम करण्याआधीच खाऊन बसलो आहोत. मग हे वचन आमच्यासाठी आहे की नाही?"

त्या प्रश्नानंतर याकोब बाजूला ठेवला आणि यरुशलेमेची पडलेली भिंत पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आम्ही उघडला. तू तो वाचला नसशील, बहुतेक पाळकही त्या भिंतीच्या घाईत तो ओलांडून जातात. भिंतीचे काम चालू असतानाच लोक आणि त्यांच्या बायका ओरड करतात, की दुष्काळात धान्य मिळावे म्हणून आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आता पोरे-पोरी दास्यात द्यावी लागत आहेत, आणि हे सगळे करणारे परके नाहीत, आमचेच भाऊबंद आहेत. मी एकेक वचन सेबुआनोत मोठ्याने वाचायला सांगितले आणि प्रत्येक वचनानंतर एवढेच विचारले, की यात कोण कोणाचे देणे लागतो. पुढे दुभाष्याची गरजच उरली नाही. तिसऱ्या वचनाला एका बाईने आरिएन्दो म्हटले, पाचव्याला दुसरीने मनिलात घरकामाला पाठवलेल्या मुलीचे नाव घेतले. नहेम्या सरदारांना भर सभेत विचारतो, शेते आणि घरे त्याच दिवशी परत करायला सांगतो, वर घेतलेला शेकडा एक हिस्साही परत मागतो, आणि याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेववतो. नुसता उपदेश करून तो घरी जात नाही, हे त्या वर्गातल्याच एका मजुराने दाखवून दिले. मी इतकी वर्षे हा अध्याय शिकवत आले आहे, पण याजक तिथे साक्षीदार म्हणून बोलावले आहेत, उपदेशक म्हणून नव्हे, हे मला त्याच्या तोंडून ऐकायला मिळाले.

आता तुझ्या प्रश्नाचा अवघड भाग. असे असताना मी चर्चमध्ये उभी राहून जमीनमालकांविरुद्ध घणाघाती भाषण का केले नाही, असे तू विचारशील, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. या बेटावर जमिनीबद्दल बोलणाऱ्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारण्याची जुनी रीत आहे, तिला इथे रेड-टॅगिंग म्हणतात, आणि चर्चचे लोकही त्यातून सुटलेले नाहीत. १९८५ मध्ये एस्कालान्ते गावात निदर्शकांवर गोळीबार होऊन वीस माणसे मेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सागाय इथे हासिएन्दाच्या पडीक जमिनीवर पोटापुरते पिकवायला बसलेल्या नऊ जणांना रात्री गोळ्या घालून मारले. मी जे काही बोलेन ते बोलून विमानात बसेन, आणि त्याचा जाब मात्र त्या पाळकबाईंना द्यावा लागेल. म्हणून वचन उघडून देणे, प्रश्न नीट विचारणे, आणि त्याचे आजच्या दिवसाशी नाते कसे, किती आणि कोणत्या शब्दांत जोडायचे हे त्यांच्यावर सोडणे, एवढीच पाहुण्याची हद्द आहे असे माझे मत झाले आहे. काही जण याला भित्रेपणा म्हणतील. त्यांनी आधी इथे एक पावसाळा काढावा.

याच्या उलट प्रकारही इथे पुष्कळ चालतो. बाहेरून प्रचारक येतात, बास्केटबॉलच्या कोर्टावर मोठे ध्वनिक्षेपक लावतात, तीन रात्री सभा घेतात, हात वर केलेल्यांची मोजणी करून ती आपल्या देशातल्या देणगीदारांना कळवतात आणि निघून जातात. त्यातली बहुतेक माणसे शेजारच्या कॅथलिक मंडळीतली असतात आणि पुढच्या सभेतही तीच हात वर करतात. मला हा धंदा कधीच रुचला नाही. उसाच्या मजुरांसाठी उभे राहण्यात इथले कॅथलिक कोणाच्या मागे नव्हते. या बेटावरच्या बाकोलोदचे त्या काळचे बिशप अंतोनियो फोर्तिच यांचे नाव आपली माणसेही इथे आदराने घेतात. त्यांच्या मेंढवाड्यातून मेंढरे पळवून आपला आकडा वाढवण्यासाठी मिरजेहून येण्याची खरोखरच गरज नव्हती.

खाण्याची काळजी करू नकोस. या भागात गरिबाघरी तांदळाऐवजी मक्याच्या कण्यांचा भात असतो, सोबत सुकी मासळी आणि शेवग्याच्या पाल्याचे पाणीदार कालवण. आपल्या आजीने केले असते तसेच लागते, फक्त तिखट नाही. मेलेल्या काळात पाहुण्यासाठी डुक्कर कापू नये, अशी विनंती मी आधीच कळवली होती. ती निम्मी पाळली गेली. शेवटच्या उपासनेनंतर त्यांनी प्रेमदानाचे पाकीट दिले. ते नाकारले असते तर अपमान झाला असता, म्हणून घेतले, आणि वस्त्यांवर संदेश द्यायला जाणाऱ्या विश्वासी भावंडांच्या मोटारसायकलभाड्यासाठी खजिनदारांकडे ठेवून आले. त्याबद्दल पप्पांना मीच सांगेन, तू काही बोलू नकोस.

आता तुझ्याकडे एक काम आहे. या लोकांनी मला विचारले, की तुमच्याकडे उचलीविरुद्ध आणि तोडकऱ्यांसाठी सरकारने काय केले आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचे ठरले आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, एवढे मी सांगितले. त्यावर त्या म्हाताऱ्याने लगेच विचारले, की यातले प्रत्यक्ष फडात किती पोहोचते. ते तुला रोज दिसते. तुमच्या भागात आलेल्या टोळ्यांची नोंदणी खरोखर होते का, ओळखपत्रे मिळाली का, उचलीचा करार कागदावर होतो की नोटरीपुढे की नुसता तोंडी, मुकादम पळाला तर भरपाई कोण भरतो, आणि पोरे हंगामात शाळेत जातात की कोपीवर राहतात, हे सगळे सोप्या इंग्रजीत एका पानावर लिहून पाठव. कारखान्याचे नाव घालू नकोस. मी पुढचा आठवडा सेबूत आहे आणि दुमागेतेच्या पाळकबाई तिथे बैठकीला येणार आहेत, तेव्हा कागद त्यांच्या हाती देता येईल.

तुझी,
आई