मैत्रिणीचं सुतक नसतं, म्हणून वाकळ शिवली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा तुमच्या पेपरात कृष्णेच्या घाटावर साचलेल्या कपड्यांचा फोटो आला होता, साड्या, ब्लँकेटं, उशा, सगळं काठाला अडकलेलं, आणि खाली नागरिकांनी भान ठेवावं वगैरे. भानाचं राहू दे, मला त्या फोटोवरून वेगळंच लिहायचंय. ते कपडे बहुतेक कुणीतरी गेलेल्या माणसाचे असतात. दहाव्याला घाटावर गेलं की अंथरूण-पांघरूण सोडून यायचं ही आपल्याकडची रीत, आणि तसं करणाऱ्याला नावं ठेवायला मी लिहीत नाहीये, घरातलं ते कपाट उघडवत नाही हे मलाही कळतं. फक्त टाकायच्या आधी त्या माणसाच्या मैत्रिणीला नाहीतर मित्राला एक फोन करा, एवढंच म्हणणं आहे.

माझी मैत्रीण मागच्या पावसाळ्यात गेली. शाळेपासूनची, आणि लग्न होऊन दोघी सांगलीतच, मधे दोन गल्ल्या. आता बघा, सासऱ्यांचे चुलतभाऊ, ज्यांना मी एका लग्नात लांबून बघितलं असेल, ते गेले तेव्हा मला दहा दिवस सुतक, देवाला हात लावायचा नाही, आणि ही गेली तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी घरात सत्यनारायण असता तरी चालला असता! दहाव्याला घाटावर कावळा शिवेना, मग मुलगा बोलला, दीर बोलले, भाऊ बोलला, नातवंडांकडं बघतो, घर सांभाळतो, सगळं झालं. मी मागं बायकांत उभी. तिचा जीव कशात अडकला असणार ते मला पक्कं माहिती होतं (भिशीत, दुसरं काय, पुढचा नंबर तिचाच होता) पण मला कोण विचारणार.

नंतर तिच्या सूनबाईनं विचारलं ते बरं झालं. म्हणाली काकू, आईंच्या भारीतल्या साड्या नणंदांनी घेतल्या, ह्या रोजच्या सुती आहेत, बोहारीण एवढ्याला एक डबासुद्धा द्यायची नाही, नदीत सोडायचं म्हणतायत. मी रिक्षा करून गठुडं घरी आणलं. घरी आणून करायचं काय ते ठरवलं नव्हतं, नेसायच्या तर नव्हत्याच, तिची उंची आणि माझी उंची, जाऊ दे.

मग आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत वाकळा शिवणाऱ्या, त्यांना बोलावलं. ज्यांनी कधी शिवताना बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, आधी साड्या धुऊन, काठ उसवून, खोलीभर अंथरतात, थरावर थर, मधे विरलेली लुगडी, धोतरं काय असेल ते, आणि वरच्या थराला चांगले तुकडे. चारी बाजू दुमडून कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचं. मधून सुरू केलं तर कापड फुगतं, सुरकुत्या पडतात, मावशी मला तीनदा ओरडल्या त्यावरून. मी पण बसले सुई घेऊन, माझे टाके कुठले ते लांबूनही कळतात, मोठ्ठाले आणि वाकडे. एका पिवळसर साडीवर हळदीचा डाग होता, माझ्या लेकीच्या हळदीत पडलेला, तेव्हा किती बडबडली होती ती त्या डागावरून. मावशी म्हणाल्या हा तुकडा आत घालू, मी म्हटलं नाही, वरच घ्या.

आता खरं सांगायचं तर मला वाटलं होतं साड्यांना तिचा वास वगैरे असेल. काही नाही, साबणाचा वास. बरं वाटतं ते वजनानं. हल्लीची ती ब्लँकेटं अंगावर आहेत का नाहीत कळत नाही, वाकळ अंगावर पडली की पडली, कूस बदलायची तरी विचार करावा लागतो. पहिले दोन-तीन महिने मला रात्री दोनला जाग यायची ती यायचीच, आता पण येते, पण उठून स्वयंपाकघरात जाऊन बसत नाही, पडून राहते. ती असती तर म्हणाली असती, अगं येडे, सोलापुरी चादर घ्यायची की एक.

2019 च्या महापुरात तिच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गाद्या सगळ्या फेकाव्या लागल्या, कापूस भिजला की संपलंच ते. वाकळा मात्र चिखलातनं काढून धुतल्या, पुन्हा तयार. तशा दरवर्षी घट बसायच्या आधी आम्ही दोघी मिळूनच धुवायचो, कारण भिजलेली वाकळ एकटीला पिळता येतच नाही, एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, आणि उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा. तिचा पीळ जास्त, मी ओढली जायची. यंदा मुलगा म्हणाला मशीनला लावू. मशीननं अर्ध्यात बंद पडून पाणी सोडलं सगळ्या बाथरूमभर.

हे काही माझ्याच डोक्यातलं खूळ नाही बरं का. अमेरिकेत 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स आणि त्याच्या मित्रमंडळींनी एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत अशीच एक अवाढव्य गोधडी सुरू केली. एकेक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे कबरीच्या मापाचा. पहिला तुकडा जोन्सनं आपल्या मित्राच्या नावानं केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानावर 1920 तुकडे अंथरले, आता 50 हजारांच्या आसपास झालेत. त्यातल्या कित्येकांना घरच्यांनी टाकलं होतं, अंत्यविधी करणारेसुद्धा हात लावायला तयार नव्हते, मग मित्रांनी सुई घेतली. रक्ताचं नातं नसलं की रडायला पण जागा लागते हो कुणाच्या तरी दारात, ती त्यांनी स्वतःच शिवून काढली.

तर विनंती एवढीच. सुती साड्या, धोतरं असतील तर नदीत सोडू नका. नायलॉन, पॉलिस्टर वाकळेला चालत नाही, थर सरकतात आणि घाम टिपत नाही, ते वेगळं काढा. शिवणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका, आठ-आठ दिवस पाठ मोडते त्यांची आणि लोक म्हणतात जुन्या साड्यांचं तर आहे. आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत रेसिपीच्या खाली जागा असते तिथं गावोगावच्या वाकळ शिवणाऱ्या बायकांचे पत्ते छापता आले तर बघा, त्यांना विचारूनच अर्थात. पूर्वी दारावर हाक द्यायच्या, आता फ्लॅटच्या गेटवर वॉचमन आतच सोडत नाही.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली