‘पुन्हा उकळले होते’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराईत किंवा भंडाऱ्यातल्या जेवणातून विषबाधा झाली की बातमीत दोन वाक्ये बहुधा असतातच. आचारी सांगतो, “वाढण्याआधी सगळं पुन्हा उकळलं होतं.” आणि काही दिवसांनी अहवाल येतो, “नमुन्यात रोगजंतू आढळले नाहीत.” ही दोन्ही वाक्ये खरी असतील, तरीही बाधा त्याच जेवणातल्या, समजा, बासुंदीने झालेली असू शकते. जंतू वेगळा आणि त्याने अन्नात सोडलेले विष वेगळे. जंतू मेला म्हणून विष जात नाही.

बासुंदीचेच बघा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात मुक्कामाला असतो. बोटावरच्या चिघळलेल्या जखमेत आणि गळवात तर तो भरपूर सापडतो. दूध आटवताना तो मरतो, पण निवत ठेवलेल्या पातेल्यात कुणाच्या तरी हाताने पुन्हा शिरतो. जास्त साखरेत बरेच जंतू वाढत नाहीत. हा साखर आणि मीठ दोन्ही सोसतो. त्याचे विष ४० अंशांच्या आसपास जोमाने तयार होते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या मांडवात पारा तिथेच असतो. पहाटे चारला आटवलेली बासुंदी दुपारी एकच्या पंगतीला वाढायची, म्हणजे त्याला नऊ तास मिळाले. मग दिलेली उकळी जंतू मारते, विष मात्र अर्धा तास उकळूनही टिकते. एक मायक्रोग्रॅमहून कमी विषानेही उलट्या सुरू होऊ शकतात. चव, वास, रंग यांत काहीच फरक पडत नाही, त्यामुळे आचाऱ्याने चाखून बघण्याला अर्थ नाही.

पोटात गेल्यावर हे विष आतड्यातल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवते. शिवाय ते सुपरअँटिजेन आहे. आपली टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी, एरवी जंतूचा नेमका तुकडा ओळख पटवून घेतल्याशिवाय जागी होत नाही. हे विष तिला दुसऱ्या पेशीशी बाहेरूनच जखडते आणि ओळखपाळख न होताच टी-पेशींतल्या शेकडा वीसपर्यंत पेशी एकदम चवताळतात. यात प्रतिजैविकाचा उपयोग नाही, कारण मारायला जंतूच उरलेला नसतो. तपासणीतही नुसते जंतू वाढवून पाहिले तर हाती काही लागत नाही. विषाची स्वतंत्र चाचणी करावी लागते. यजमानांनी प्रत्येक पदार्थाचा पाव किलो नमुना उकळत्या पाण्यातून काढलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवावा. उरलेले अन्न घाईघाईने उकिरड्यावर टाकले की पुरावाच संपतो.

मसालेभाताची गोष्ट जवळपास अशीच. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपे, तांदूळ शिजवूनही जगतात आणि भाताच्या कोमट ढिगात उगवतात. त्याचे उलटी आणणारे विष १२१ अंशांना दीड तास ठेवले तरी टिकते. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या) पडद्यातून पोटॅशियम आत सोडते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती बिघडवते. मोठ्या हंड्यातल्या वरणात किंवा मटणाच्या रश्शात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स मात्र वेगळा. तो जिवंत पोटात जातो, तिथे विष सोडतो आणि ते विष आतड्याच्या पेशींना भोके पाडते. इथे खळखळून दिलेली उकळी खरोखर उपयोगी पडते. म्हणजे आचारी सरसकट चुकतो असे नाही. वरणाला लागू पडणारा नियम तो बासुंदीला लावतो.

म्हणून बातमीदारांनी दोन वेळा जरूर विचाराव्यात: जेवण कधी झाले आणि पहिली उलटी किंवा जुलाब कधी. एक ते सहा तासांत उलट्या झाल्या तर संशय आधीच तयार झालेल्या विषावर घ्यावा. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब, उलटी फारशी नाही, तर विष बहुधा पोटात गेल्यावर तयार झाले. स्वयंपाकघरासाठी नियम सोपा आहे. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि आपल्या उन्हाळ्यात मधल्या तापमानात तासाभराहून जास्त नाही. बासुंदी खोल पातेल्यात निवत नाही; पसरट भांड्यांत तीन-चार बोटांचा थर करून ती बर्फाच्या पाण्यात ठेवावी. मठ्ठ्यासाठी बर्फाची लादी आणतातच, तिचा तुकडा इथे जास्त कामाचा.

जंतूशिवायही रोग होतो हे पटकीच्या (कॉलऱ्याच्या) बाबतीत शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात सिद्ध केले. जंतू गाळून काढलेला द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडे पाण्याने तट्ट फुगले. पटकीच्या जंतूने सोडलेल्या या विषाचे पाच भाग आतड्याच्या पेशीला चिकटतात आणि सहावा आत शिरून तिच्यातले एक बटण कायमचे ‘चालू’ करून ठेवतो. मग क्लोराइड बाहेर पडते, मागोमाग सोडियम आणि पाणी. गंभीर रुग्णात तासाला लिटरभरसुद्धा. पण पेशी मरत नाही. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी तिची दुसरी वाट शाबूत राहते. ओआरएस, म्हणजे साखर-मिठाची जलसंजीवनी, याच वाटेने काम करते. डॉ. दिलीप महालनबिस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले.

आपल्याकडे मात्र जुलाब झाले की आधी सलाईन मागतात आणि ओआरएसची पुडी अंदाजाने कालवतात. २०.५ ग्रॅमची पूर्ण पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यातच घालायची. तीच एका पेल्यात घातली तर द्रावण पाचपट तीव्र होते आणि शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. पेलाभर करायचे असेल तर २०० मिलीची छोटी पुडी मिळते. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवे तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. द्रावण २४ तासांनी ओतून द्यावे. रुग्ण गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल तर मात्र सलाईनच हवे, आणि तेही तातडीने.

सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, जळगाव