सुमे, बँड घ्यायच्या आधी हे वाच

सांगली,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुमे,

काल फोनवर तू खांद्याच्या व्यायामासाठी ताणायच्या रबरी बँडबद्दल "कुठल्या रंगाचा बँड घेऊ?" एवढंच विचारलंस आणि मी "थांब, लिहून कळवते" म्हणाले. बाथरूममध्ये पडलीस तेव्हापासून तुझ्या खांद्याचा विचार मनातून जात नाही. ऑपरेशन लागणार नाही हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण आता व्यायामाची घाई करून तो खांदा पुन्हा दुखावू नकोस, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं काय झालं होतं ते तुला अर्धवटच माहीत आहे. फळ्यावर लिहून लिहून खांदा धरला, फिजिओने बँड आणायला सांगितला आणि मी शाळेतून येता येता दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हलका घेऊन काय फायदा, मॅडम? हा पाचचा सेट घ्या." दोन्ही टोकांना मुठी असलेल्या जाड रबरी नळ्या होत्या त्या. त्यातली सगळ्यात हलकी नळीसुद्धा मला जड होती, पण ओढली जातेय ना, मग चालतंय, असं मी धरून चालले. चौथ्या रात्री अडीचला जाग आली ती ठणक्याने. कुठल्याच कुशीवर झोपता येईना. पुढे दोन आठवडे सगळा व्यायाम बंद ठेवावा लागला.

चूक कुठे झाली ते फिजिओने मला आरशासमोर उभं करून दाखवलं. मी नळी बाहेर ओढत होते तेव्हा माझा खांदा कानाकडे चढत होता. अगं, खांद्याची खोबण उथळ असते. हाडाचा गोळा तिच्यात जागेवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात. आपल्याला बळ द्यायचंय ते त्यांना. बँड जड झाला की हे चौघं मागे पडतात, मानेजवळचे मोठे स्नायू काम ओढून नेतात, आणि आपल्याला वाटतं व्यायाम झाला.

म्हणून तू सपाट पट्टीचा बँड घे. नळ्या नको, आणि त्या छोट्या गोल कड्याही नकोत, त्या मुख्यतः मांड्या-कमरेच्या व्यायामाला वापरतात. सपाट पट्टी हवी तेवढी कापता येते, तळहाताला गुंडाळता येते, तुझ्यासारखी मूठ अजून घट्ट वळत नसेल तर टोकाला सैल फास करून त्यात हात घालता येतो. साधारण दीड मीटरचा तुकडा पुरेल.

आता रंग. थेराबँड कंपनीच्या पट्ट्यांमध्ये पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा जोर चढत जातो. पिवळ्याच्याही आधी एक फिकट बदामी असतो. पट्टी ताणून दुप्पट लांब केली की पिवळ्यात साधारण 1.3 किलोचा जोर लागतो, लालमध्ये 1.7, हिरव्यात 2.1. पण दुसऱ्या कंपनीचा पिवळा याच जोराचा असेलच असं नाही, तेव्हा नुसता रंग सांगून मागवू नकोस, पाकिटावरचा आकडा बघ. आणि लांबीचं विसरू नको. एक फुटाची पट्टी एक फूट ओढली तर ती दुप्पट होते. तीच पट्टी दोन फुटांची धरून तेवढीच ओढलीस तर दीडपटच होते आणि हलकी लागते. म्हणजे बँड न बदलताही जोर कमी-जास्त करता येतो, फक्त हाताची पकड पुढेमागे सरकवायची.

योग्य बँड कसा ओळखायचा ते मात्र नीट वाच. काखेत नॅपकिनची गुंडाळी धर, कोपर काटकोनात कमरेशी, आणि बँड ओढत हात बाहेरच्या बाजूला ने. मग चार आकडे मोजत हळूहळू परत आण. ओढताना आपण कसंही निभावून नेतो, पण परत येताना बँड हात हिसकून आत नेत असेल तर तो तुला जड आहे, दुकानदार काहीही म्हणो. दहा वेळा हात तसाच सावकाश परत आला, खांदा वर चढला नाही, आणि त्या रात्री ठणकलं नाही, तर तो बँड तुझा. पुढचा रंग फिजिओला विचारूनच घे.

माझ्याकडचा पिवळा तुकडा तुला पाठवणारच होते. मग आठवलं, भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांनी तुझ्या हाताला पुरळ उठायचं. या पट्ट्या बहुतेक लेटेक्सच्या असतात. तू "लेटेक्स फ्री" लिहिलेलीच घे, आणि ही गोष्ट फिजिओच्याही कानावर घाल.

खिडकीच्या गजाला बांधू नकोस. माझी पट्टी गंजलेल्या गजावर घासून कडेला एवढीशी चिरली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि दोन दिवसांनी ओढताना तिथेच तुटून गालावर बसली. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून रोज उजेडासमोर धरून बघते. दाराला अडकवायची असेल तर तुझ्या ओढण्याने दार बंद होईल अशा बाजूला उभी राहा. उन्हात ठेवू नकोस. खांद्याला खोबरेल चोळलंस तर हात धुऊन मगच बँड धर, तेलाने रबर खराब होतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घातला, आणि पिन खोचून झाल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. तशीच उभी राहिले थोडा वेळ. तुझ्याही बाबतीत हे व्हावं, असं फार मनापासून वाटतं गं.

बुधवारी बँड घेऊन फिजिओकडे जाशील ना? पहिल्या दिवशी थोडंच कर. आणि त्या रात्री झोप कशी लागली ते गुरुवारी सकाळी मला फोन करून सांग. माझी शाळा साडेदहाची आहे, त्याआधी कधीही कर.

तुझी,
मंगल