उम्याला पत्र : सासू, सॅक्सोफोन आणि दोन काटे

प्रिय उम्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला. "ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवता ते ठीक आहे हो, पण कामधंदा काय करता?" हे मुलीच्या मामांचं वाक्य तू त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलंस तेव्हा मी आधी हसलो, मग लक्षात आलं की तू काही हसत नाहीयेस. मला सांत्वन बिंत्वन जमत नाही हे तुला माहितेय, त्यामुळे तुला एक पिक्चर सांगतो, आणि ते टाइप करून मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे एवढं लांबलचक.

पिक्चर मलय भाषेतला आहे, 1962 चा, ब्लॅक अँड व्हाइट. नाव 'इबू मर्तुआकू', म्हणजे 'माझी सासू'. आपल्याकडे सासू म्हणलं की सुनेच्या डोळ्यांत पाणी, इथं सासू जावयाचे डोळेच घालवते, अक्षरशः. पी. रामली म्हणून माणूस होता, दिग्दर्शन त्याचं, हिरो तोच, गाणारा तोच, चाली पण त्याच्याच. इकडे सिंगापूरला मलय लोकांत त्याचं नाव काढलं की साठीचा माणूस पण डायलॉग म्हणायला लागतो आणि विशीतला पण.

तर हिरो कासिम सेलामत, सॅक्सोफोन वाजवतो. सबारिया ही सिंगापूरच्या पैसेवाल्या विधवा बाईची एकुलती एक पोरगी, रेडिओवर त्याचं ऐकून प्रेमात पडते, मग फोन, मग भेटीगाठी. सुरुवातीचा भाग चक्क कॉमेडी आहे, आपण आरामात हसत बसतो आणि पुढं काय वाढून ठेवलंय याचा पत्ताच लागत नाही. मग आईला कळतं. न्योन्या मनसूर, बाई कसल्या खमक्या! पोरीला विचारतात, हा कासिम कोण, वकील का मॅजिस्ट्रेट? पोरगी म्हणते वादक आहे. संपलं. आपल्या घराण्यात असलं काही चालत नाही, विषय बंद. हा सीन बघताना मला तुझ्या त्या मामांची जाम आठवण झाली, फरक एवढाच की न्योन्या मनसूर निदान स्पष्ट बोलतात, "ते ठीक आहे हो" ची साखरपेरणी नाही.

पण ती बाई हुशार कशी आहे बघ. गुंड पाठवत नाही, पोरीला खोलीत कोंडत नाही. लग्न होऊ देते, पोरीला तोडते आणि मग नुसती वाट बघते. दोघं पेनांगला, म्हणजे आताच्या मलेशियातल्या बेटावर, जातात, पैसे संपत येतात, सबारियाला दिवस जातात, आणि ऐशआरामात वाढलेली पोरगी किती दिवस तग धरणार, शेवटी आईकडेच हात पसरते. आई पण लगेच येते, अगदी प्रेमाने, बाळंतपणासाठी सिंगापूरला घेऊन जाते. कासिम पेनांगलाच. आणि एक दिवस त्याच्या हातात तार पडते, सबारिया बाळंतपणात गेली. ती गेलेली नसते रे. तिकडे आईने डॉक्टर जावई बघून ठेवलेला असतो, डोळ्यांचा स्पेशालिस्ट, डॉक्टर इस्मादी. कासिम रडून रडून आंधळा होतो.

मला हे आधी अतीच वाटलं, पण विचार केला तर त्या तारेत सगळा हिशोब आहे. नाही म्हणलं तर पोरगा उद्या परत दारात उभा राहतो, परवा पण राहतो. मेली म्हणलं की कोण येणार? रामलीच्याच 1960 च्या 'अंतारा दुआ दार्जात' मध्ये पण हीच युक्ती आहे, तिथं पोरगी राजघराण्यातली, हिरो साधा पियानोवाला, आणि त्याला पण सांगतात ती मेली म्हणून. तिथं अडचण रक्ताची आहे, इथं धंद्याची. मला तरी ही जास्त लागली, कारण जन्म काय कुणाच्या हातात नसतो, पण वाजवणं हे माणसाने स्वतः निवडलेलं असतं आणि नेमकं त्यालाच लोक नाक मुरडतात.

पुढे आंधळ्या कासिमला पेनांगमधली एक मामी आणि तिची मुलगी चोम्बी आसरा देतात. तो नाव बदलून उस्मान जैलानी होतो, परत सॅक्सोफोन हातात घेतो, दौरे करतो, मोठं नाव होतं. आणि डोळ्यांवर उपचार कोण करतो, तर तोच डॉक्टर इस्मादी! दिसायला लागतं, सगळं खरं बाहेर येतं, डॉक्टरची बायको म्हणजे आपलीच सबारिया हे कळतं. मग कासिम जेवणाचे दोन काटे घेतो आणि स्वतःच्या डोळ्यांत खुपसतो. मी पॉज करून पाणी प्यायला उठलो, खोटं नाही सांगत.

मला विचारशील तर सबारियाचा राग येतो. आई वाईट आहे हे ठरलेलंच आहे, पण ही बाई पूर्ण पिक्चरभर दुसऱ्याने ठरवलेलं ऐकते, आधी नवऱ्याचं मग आईचं. चोम्बी खरी. तिच्यासाठी कुणी गाणं म्हणत नाही, कुणी घर सोडत नाही, ती फक्त असते, आणि शेवटी तो तिच्याकडेच परत येतो.

आता रामलीचं स्वतःचं बघ. पेनांगचा पोरगा, 1929 चा जन्म, 1948 साली तिथल्याच जवळच्या बुकित मर्ताजामला गाताना बी. एस. राजहंस या भारतातून आलेल्या दिग्दर्शकाने ऐकला आणि सिंगापूरला बोलावून घेतला. म्हणजे स्वतःच गाणारा माणूस, वादक जावई लोकांना नको असतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो जिथं पिक्चर करायचा तो स्टुडिओ इथंच सिंगापूरला, बॅलेस्टियर रोडला लागून जालान अम्पास नावाची छोटी गल्ली आहे तिथं. मुद्दाम जाऊन आलो. मेन रोडला सगळी झुंबरं-दिव्यांची दुकानं, भर दुपारी पण लखलखाट, आणि आत गल्लीत आठ नंबरला जुनी बिल्डिंग. स्टुडिओ 1967 ला बंद झाला. रामली त्याआधीच, 1964 ला, क्वालालंपूरला गेलेला, तिथं काही पूर्वीसारखं चाललं नाही आणि 1973 ला हार्ट अटॅकने गेला, 44 व्या वर्षी. 'तान श्री' हा मलेशियाचा मोठा किताब दिला 1990 ला. तेव्हा बरोबर सगळ्यांना आठवलं.

पिक्चर इंग्लिश सबटायटल्सने बघ, पण 'दि माना कान कू चारी गांती' हे गाणं आलं की सबटायटल्सकडे बघू नकोस, नुसतं ऐक. आणि सॅक्सोफोन वाजवताना त्याची बोटं जागच्या जागी पडतात का ते मला सांग, मला त्यातलं ढेकळं कळत नाही. काकूंना दाखवू नकोस, बीपीची गोळी घ्यावी लागेल.

मामांना काय उत्तर दिलंस ते मात्र तू सांगितलंच नाहीस. ते कळव. आणि मुलगी काय म्हणाली ते पण, तिचं तर तुझ्या मेसेजमध्ये नावसुद्धा नाही.

तुझा,
दिल्या