काका, सायकल दोन्ही वेळा धड पोचली

काका नमस्कार,

दुकानात येऊन थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "बरं बरं" करून परत पंक्चर काढायला बसला असता, म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

जूनमध्ये हाफ डे टाकून तुमच्याकडे आले होते, मनाली ते लेह सायकलनं जायचंय, पुणे-दिल्ली विमानानं नेणार, पॅक करून द्या, काय होतील ते देते. तुम्ही नवीन सायकल येते तो रिकामा खोका काढून दिलात, १५ चा पाना हातात ठेवलात आणि म्हणालात, मी करणार नाही, तू कर. खरं सांगते, जाम राग आला होता. मग म्हणालात, "जाताना मी आहे, येताना लेहमध्ये कोण आहे तुझं?"

आणि मग एकदा नाही, तीनदा खोलायला आणि भरायला लावलंत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मला ३८ व्या वर्षी कळलं, तोवर मी त्या पान्यावर लोंबकळून पेडल अजून घट्टच करत होते आणि तुम्ही शांतपणे चहा पीत बघत होतात. पुढचं चाक काढल्यावर ते धरणाऱ्या फोर्कच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा बसवायचा नाहीतर वर दुसरी बॅग पडली की फोर्क दबतो, गिअर बदलणारा मागचा डिरेलर सोडवून आत फ्रेमला बांधायचा कारण तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला की सगळे गिअर गंडले, सीटपोस्टच्या उंचीवर टेपची खूण, डिस्क ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. टायर फुटेल का विचारलं तर म्हणालात, सामानाच्या भागात पण हवेचा दाब ठेवलेला असतो, फुटत नाही, पण काउंटरवरचा माणूस विचारणारच, त्याच्याशी वाद घालू नको, थोडी हवा काढ, पूर्ण नको, रिमला आधार राहू दे. शेवटी शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन, साडेसतरा किलो! विमानात लिमिट १५, म्हणजे जादाचे पैसे भरायची मनाची तयारी घरूनच करून गेले.

एअरपोर्टवर अगदी तस्संच झालं. हवा काढलीय का? काढलीय. मोडलं तर आम्ही जबाबदार नाही अशा कागदावर सही. टूल्स सगळी खोक्यात होती, पॉवर बँक तेवढी माझ्या हातातल्या बॅगेत, तुम्ही दहादा बजावलं होतं.

मनालीत सायकल जोडली आणि खोका तिथेच टाकला, पाठीवर घेऊन थोडीच चढणार. रस्त्याबद्दल इथे लिहीत नाही, गाटा लूप्सची २१ वळणं आणि १७ हजार फुटांच्या वरची तांगलांग ला खिंड यावर दुकानात येऊन तासभर बोलेन, चहा माझ्याकडून.

लेहला पोचले तेव्हा विमान परवा सकाळी आणि खोका नाही. सायकल भाड्यानं देणाऱ्या दोन दुकानांत विचारलं, नव्हता. मग तुमचं आठवलं, सायकलचा नाही मिळाला तर टीव्हीचे दोन घे आणि एकात एक सरकव. बाजारात एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं फुकट दिले, टेप मात्र मला विकत दिली, चालायचंच. गेस्ट हाऊसच्या अंगणात बसून केलं सगळं, तिथल्या हवेत दोनदा पाना फिरवला की धाप लागते, तीन तास गेले. पण कुणाला हाक मारावी लागली नाही.

एक विसरले, कबूल करते. पॅडमधला पुठ्ठा. प्रवासात कुठंतरी ब्रेकचा लिव्हर दाबला गेला असणार, घरी आल्यावर पॅड एकमेकांना चिकटलेले, डिस्क आत जाईचना. लाकडी उलथन्याच्या दांड्यानं हळूहळू फाकवले. आई अजून उलथनं शोधतेय.

बाकी एक ओरखडा नाही, हँगर सरळ. शनिवारी येतेय, ब्रेक एकदा बघून घ्या. आणि तुमचा १५ चा पाना माझ्या टूलबॅगेतच राहिलाय, तो मागू नका, नवीन आणून देते.