चाचणी आवृत्तीत जे तपासताच येत नाही, त्याचेच पैसे घेतल्याबद्दल तक्रार

दिनांक : १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : व्हिडिओ रूपांतर व डीव्हीडी तयार करण्याच्या आपल्या सॉफ्टवेअरमधील दोष, अपुरी चाचणी आवृत्ती आणि नाकारलेला परतावा.

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. २००४ ते २०१० या काळातल्या सप्ताहांचं चित्रीकरण मी मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटच्या कॅमेऱ्यावर केलं होतं. त्यातले काही कीर्तनकार, आमचे जुने विणेकरी आणि पखवाज वाजवणारे बुवा आज हयात नाहीत. त्यांचा आवाज आणि त्यांची उभं राहण्याची ढब आता फक्त या कॅसेटवर उरली आहे. सप्ताह समितीने ठरवलं की या कॅसेटच्या डीव्हीडी करून देवळात ठेवायच्या आणि ज्यांना हव्यात त्यांना घरी द्यायच्या. आजच्या काळात डीव्हीडी कशाला, असं तुमच्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारलं, म्हणून सांगतो. देवळाच्या सभामंडपात टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे. गावातल्या कितीतरी घरांत तो अजून चालू स्थितीत आहे. ज्या वयाची माणसं ही कीर्तनं ऐकणार आहेत, त्यांना त्या रिमोटची बटणं पाठ आहेत. मोबाइलवर पाठवलेली फाइल जागा भरली की पुसली जाते, कपाटात ठेवलेली डिस्क राहते.

या कामासाठी मी तुमचं सॉफ्टवेअर निवडलं. विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती उतरवून घेतली आणि नीट वापरून पाहिली. तिच्यात जे चांगलं आहे ते आधी सांगतो. फायरवायरच्या केबलने कॅमेरा जोडला की तो लगेच ओळखला जातो. कॅसेटवर नोंदलेल्या तारीख-वेळेवरून प्रसंगांचे तुकडे आपोआप पडतात, आणि ते अचूक पडतात. एका तासाच्या कॅसेटची सुमारे १३ जीबीची फाइल होते, तीसुद्धा कुठे न अडकता उतरली. एवढं पाहून मी २,४९९ रुपये भरले. माझी तक्रार त्यापुढे काय झालं याबद्दल आहे.

तुमची चाचणी आवृत्ती फक्त पाच मिनिटांचं रूपांतर करू देते. डिस्क लिहिण्याचं बटण तिच्यात बंद असतं. मेनूचे तयार नमुने दिसतात, पण त्यांवर स्वतःची अक्षरं लिहिता येत नाहीत. मला मिळालेले तिन्ही मोठे दोष नेमके या तीन बंद दारांमागे आहेत. ते तिथे कसे आले याचा खुलासा मला तुमच्याकडून हवा आहे.

पहिला दोष आवाजाचा. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. टाळावर टाळ पडताना दिसतो आणि त्याच क्षणी नाद ऐकू येतो. आवाज आणि चित्र यांची फारकत झाली तर ती इतकी उघडी पडणारी दुसरी जागा नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या डिस्कवर सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, मग हळूहळू आवाज मागे पडत जातो. तासाच्या शेवटी, ऐन ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या गजरात, टाळ आधी मिटताना दिसतात आणि नाद अर्ध्या सेकंदाने येतो. देवळात ही डिस्क लावली तेव्हा ज्यांना तंत्रातलं काही कळत नाही अशा आजींनीही विचारलं, की हे असं का वाजतंय?

आता हाच हिशेब पाच मिनिटांना लावून पाहा. तासाला अर्धा सेकंद म्हणजे पाच मिनिटांत सुमारे चाळीस मिलिसेकंद. पॅल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात, म्हणजे एक चौकट चाळीस मिलिसेकंदांची. थोडक्यात, तुम्ही चाचणीला जेवढी लांबी देता तेवढ्यात आवाज फार तर एका चौकटीने सरकतो. हे कोणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. घरगुती चित्रफिती तासाच्या, दोन तासांच्या असतात, आणि त्यांचं रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा लांबीवरच होते.

कारणही मी शोधून काढलं आहे, ते तुमच्या तंत्रज्ञांपर्यंत पोहोचवावं. माझ्या काही कॅसेटवर आवाज १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर आहे आणि काहींवर १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर (किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले ते). त्या काळच्या अनेक हँडीकॅममध्ये कारखान्यातूनच १२ बिट ठेवलेलं असायचं, त्यामुळे असंख्य घरांतल्या लग्नाच्या, बारशाच्या कॅसेट अशाच असणार. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागतं, म्हणून ३२ चं ४८ करावं लागतं. १६ बिटच्या कॅसेटवरून केलेल्या डिस्क व्यवस्थित आहेत, आवाज सरकतो तो फक्त १२ बिटच्या डिस्कवर. तीच उतरवलेली फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावली तर शेवटपर्यंत जुळलेली असते. तीच फाइल एफएफएमपेग या विनामूल्य प्रणालीने रूपांतरित केली तरीही जुळलेली राहते. म्हणजे कॅसेट बरोबर आहे, कॅमेरा बरोबर आहे, उतरवून घेणंही बरोबर आहे. चूक तुमच्या रूपांतरात आहे.

हे सगळं मी लेखी कळवलं. त्यावर तुमच्या ग्राहक सेवेकडून उत्तर आलं, ‘कृपया कॅसेट पुन्हा कॅप्चर करा.’ या उत्तराचा मला सर्वात जास्त त्रास झाला. या कॅसेट चौदा ते वीस वर्षांच्या आहेत. प्रत्येक वेळी वाजवताना फीत घासली जाते आणि कॅमेऱ्याचं हेड झिजतं. तसे कॅमेरे आता बनत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत. माझ्या पत्रात दोष कुठे आहे ते स्पष्ट लिहिलेलं असताना ते न वाचता गेलेल्या माणसांच्या शेवटच्या फिती पुन्हा मशीनवर चढवायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. असं उत्तर कुठल्याच ग्राहकाला जाऊ नये.

दुसरा दोष हालचालीचा. डीव्ही कॅसेटवरचं प्रत्येक चित्र दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेलं असतं, पॅलमध्ये सेकंदाला अशी ५० फील्ड, आणि डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. डीव्हीडीवर कुठलाही क्रम चालतो, फक्त जो आहे तोच डिस्कवर नोंदवावा लागतो. तुमचं सॉफ्टवेअर चित्राचा क्रम बदलत नाही, पण ‘वरचं आधी’ अशी नोंद करतं. परिणामी टीव्हीवर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे अशी थरथरते. बुवा हात उंचावतात तेव्हा एका हाताचे दोन दिसतात. पावली खेळताना तर पाहवत नाही, डोळे दुखतात. संगणकावर तुमच्याच पूर्वदृश्याच्या चौकटीत मात्र हे दिसत नाही, कारण तिथे दोन्ही फील्ड एकत्र करून दाखवली जातात. दोष दिसतो तो डिस्क लिहून टीव्हीवर लावल्यावर, आणि डिस्क लिहिणं चाचणीत बंद आहे. क्रम हाताने बदलण्याची सोय सेटिंगमध्ये कुठेही सापडली नाही. तुमच्या प्रतिनिधीनेही ती नसल्याचं मान्य केलं.

तिसरा दोष आपल्या लिपीचा, आणि तो मला सहन होत नाही. जाहिरातीत तुम्ही ‘मराठीसह सर्व भारतीय भाषांत मेनू’ असं म्हटलं आहे. मी मेनूवर ‘श्रीविठ्ठल’ लिहिलं तर पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन पडली आणि ‘ठ्ठ’चे दोन ठ होऊन मध्ये हलन्त उभा राहिला. ‘कीर्तन’मधला रफार त वर चढलाच नाही, तो पाय मोडलेला र होऊन बाजूला बसला. ‘ज्ञानेश्वर’ तर वाचताच येत नव्हतं. देवळात लावायच्या डिस्कवर माउलींचं नाव असं मोडून छापायचं?

यावर तुमचं उत्तर होतं की ‘काही डीव्हीडी प्लेअर भारतीय फाँट दाखवू शकत नाहीत.’ हे चुकीचं आहे. डीव्हीडीचा मेनू प्लेअरपर्यंत अक्षरं म्हणून जातच नाही, चित्र म्हणून जातो. उपशीर्षकंही चित्रंच असतात. प्लेअरला मराठी, तमिळ, इंग्रजी यातला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. अक्षरांचं चित्र बनवतं ते तुमचं सॉफ्टवेअर, तिथेच ती मोडतात. देवनागरीची जोडाक्षरं बरोबर मांडण्याची सोय विंडोज २००० पासून खुद्द विंडोजमध्ये आहे, मंगल फाँट तेव्हाच सोबत आला. ती सोय वापरायची की नाही हा तुमचा निर्णय होता. तुम्ही ती वापरली नाही आणि जाहिरातीत मात्र मराठीचं नाव घातलं.

पैशांबद्दलही लिहिणं भाग आहे. २,४९९ रुपयांत ‘संपूर्ण डीव्हीडी निर्मिती’ मिळेल असं खरेदीच्या पानावर होतं. पैसे भरून सक्रिय केल्यावर कळलं की डॉल्बी आवाजासह डिस्क लिहिण्यासाठी ७९९ रुपयांचा वेगळा जोड घ्यावा लागतो. कारण विचारलं तर ‘एमपेग-२ आणि डॉल्बीच्या पेटंटची फी’ असं सांगण्यात आलं. डॉल्बी आवाजाच्या एसी-३ पद्धतीची पेटंट २०१७ मध्ये संपली आणि डीव्हीडीवरच्या चित्राच्या एमपेग-२ पद्धतीचं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं. तुम्हाला कसलीही फी आकारायची असेल तर आकारा, पण ती पहिल्याच पानावर लिहा आणि कारण खरं सांगा. किंमत अशी टप्प्याटप्प्याने उघड करण्याला केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ड्रिप प्रायसिंग म्हटलं आहे आणि ते निषिद्ध आहे.

परतावा मागितला तर तुमचा नियम पुढे आला, की एकदा सक्रिय केलेल्या परवान्याचे पैसे परत मिळत नाहीत. सक्रिय केल्याशिवाय पाच मिनिटांच्या पुढे जाता येत नाही, डिस्क लिहिता येत नाही, मेनूवर अक्षर उमटवता येत नाही. म्हणजे दोष कळण्यासाठी जे करावं लागतं, ते केल्याबरोबर परताव्याचा हक्क जातो. अशा व्यवस्थेत ग्राहकाने माल पारखायचा कुठे आणि कधी?

माझ्या मागण्या साध्या आहेत. परवाना आणि जोड मिळून ३,२९८ रुपये मला परत मिळावेत. ‘मराठीसह सर्व भारतीय भाषा’ हा दावा अक्षरं दुरुस्त होईपर्यंत जाहिरातीतून काढावा. फील्डचा क्रम निवडण्याची सोय आणि १२ बिट आवाजाची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत यावी, आणि ती आधी पैसे भरलेल्यांना फुकट मिळावी. आणि चाचणी आवृत्तीत पूर्ण लांबीची डिस्क लिहू द्यावी. तुमचा शिक्का चित्राच्या मध्यभागी ठेवा, त्याला माझी हरकत नाही. तो शिक्का असलेली डिस्क कोणी देवळात लावणार नाही की पाहुण्यांना देणार नाही, त्यामुळे तुमचं नुकसान होत नाही. ग्राहकाला मात्र आपली फीत या सॉफ्टवेअरमधून धड बाहेर येते की नाही हे टीव्हीवर पाहून ठरवता येईल.

सदोष सेवा, दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या तिन्हींची व्याख्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ मध्ये आहे आणि माझ्या मते वरील बाबी त्यांत बसतात. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद या कायद्यात आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

सोबत खरेदीच्या दोन्ही पावत्या, तुमच्या ग्राहक सेवेची उत्तरं, जाहिरातीच्या पानाची प्रत, मोडलेल्या मेनूची छायाचित्रं आणि एक डिस्क जोडत आहे. डिस्कवर एकाच कॅसेटचा शेवटचा भाग दोनदा आहे, आधी तुमच्या सॉफ्टवेअरमधून आलेला आणि नंतर एफएफएमपेगमधून आलेला. दोन्ही संगणकावर पाहू नका, टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर लावा आणि टाळकऱ्यांच्या हातांकडे बघा. यापुढचा पत्रव्यवहार मराठीत आणि लेखी करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
सप्ताह समितीकरिता, खटाव तालुका, जि. सातारा